गोल कागदावरची नावं

जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध तळहातात मावेल एवढा एक गोल कागद असतो. त्याला लेबल म्हणतात. पुढे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीलाही लोक लेबलच म्हणू लागले. वस्तूवर चिकटवायच्या चिठ्ठीचं नाव वस्तूच्या मालकाला चिकटलं, यात या धंद्याचं बरंचसं गुपित आलं असं मला वाटतं.

गेली पंचवीसेक वर्षं मी हे कागद वाचतो आहे. गाणं शिकलेलो नाही, इतिहासाची पदवीही नाही. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर ढिगाशी उकिडवं बसून भिंगातून लेबलं वाचायची, न कळलेलं वहीत उतरवायचं आणि जाणत्यांना विचारत सुटायचं, एवढीच माझी शाळा. सुरुवातीला मी गाण्यासाठी रेकॉर्डी घेत असे. मग ध्यानात आलं, की सुई टेकवण्याआधीच हा कागद बोलायला लागतो.

वरच्या बाजूला कंपनीचं चिन्ह. खाली गाण्याचं नाव, गायकाचं नाव, शास्त्रीय गाणं असेल तर राग, नाटकातलं असेल तर नाटक. कडेला एक क्रमांक. आणि कागदाबाहेर, खाचा संपून गुळगुळीत पट्टा सुरू होतो तिथे, कोरलेला आणखी एक बारीक क्रमांक. कागदावरचा क्रमांक दुकानदाराच्या सोयीचा: कॅटलॉगमध्ये बोट ठेवून मागणी नोंदवायला. कोरलेला क्रमांक कारखान्याच्या सोयीचा. त्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. रेकॉर्डच्या दोन बाजूंचे मॅट्रिक्स क्रमांक वेगळे असतात. तो क्रमांक कशाचा हे समजलं, की हा धंदा कशाचा आहे हेही समजू लागतं.

त्या काळी मेणाच्या जाड चकतीवर ध्वनिमुद्रण होई. गायक कर्ण्यासमोर गाई आणि कंप पावणारी सुई मेणात खाच पाडी. ते मेण वाजवून पाहायची सोय नव्हती. वाजवलं की खाच बिघडे. त्यावर धातूचा थर चढवून उलटा ठसा घेत, त्यावरून सुलटा ठसा, आणि सुलट्यावरून पुन्हा उलटे साचे. कारखान्यात पहिल्या ठशाला ‘फादर’, दुसऱ्याला ‘मदर’ आणि शेवटच्या साच्याला ‘स्टँपर’ म्हणत. स्टँपर झिजला की मदरवरून नवा काढायचा. म्हणजे बाप आणि आई शाबूत असेपर्यंत रेकॉर्डी निघतच राहणार. गायक गाऊन, पानसुपारी घेऊन घरी जाई. बाप आणि आई कंपनीकडे राहत. कंपनीची खरी मालमत्ता ही होती, आणि कोरलेला क्रमांक म्हणजे त्या मालमत्तेचा सातबारा.

ही पद्धत आपल्याकडे आली ती १९०२ साली. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा (हो, ही कंपनी टाइपरायटरही विके) फ्रेड गायस्बर्ग नावाचा तरुण ध्वनिमुद्रक कलकत्त्यात उतरला आणि त्या नोव्हेंबरात हॉटेलच्या खोलीत यंत्र मांडून गौहर जान वगैरेंचं गाणं त्याने मेणावर घेतलं. ती मेणं बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला गेली, तिथे रेकॉर्डी दाबल्या गेल्या आणि पुन्हा बोटीने विकायला इकडे आल्या. त्या काळच्या कित्येक रेकॉर्डींत गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव सांगते. हॅनोव्हरच्या कामगाराला कुठल्या मेणावर कुठलं लेबल लावायचं हे कळावं, म्हणून ही सोय, असं सांगतात. कारण काहीही असो, कागदावर नाव छापण्याची खात्री नसलेल्या काळात बाईने ते खाचेतच कोरून ठेवलं, हे मला फार आवडतं. छापलेला कागद निघतो, फाटतो, कसर खाते. खाचेतलं नाव गाण्याइतकंच टिकतं.

लेबलावर तेव्हा कुत्रा नव्हता. पिसाच्या लेखणीने तबकडीवर लिहिणारा देवदूत होता. कुत्रा नंतर आला. फ्रान्सिस बॅरॉडच्या मूळ चित्रात तो फोनोग्राफपुढे बसला होता. कंपनीने चित्र घेताना ते यंत्र रंगाने झाकून तिथे ग्रामोफोन काढून घेतला. मालक बदलला तरी कुत्रा इमानी तो इमानीच.

१९०८ साली कंपनीने कलकत्त्यात सियालदहला कारखाना उभारला आणि १९२८ साली तो दमदमला हलवला. आता मेणं परदेशी पाठवायची गरज उरली नाही. यातली गंमत अशी, की रेकॉर्ड ज्याने बांधली जाते ती लाख मुळात आपलीच. छोटा नागपूरच्या जंगलात कुसुम-पळसाच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसायचे, आदिवासींनी ती लाख खरवडायची, ती जगभर जायची, दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तिच्या काळ्या तबकड्या व्हायच्या. इंग्लंड-अमेरिकेतल्या प्रत्येक जुन्या रेकॉर्डमध्ये थोडा छोटा नागपूर आहे. लेबलावर अर्थात तसं कुठे लिहिलेलं नसतं.

मराठी गाण्याला या यंत्राने काय केलं? दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. तास-तास राग मांडणाऱ्यांना हे मानवणारं नव्हतं. अल्लादिया खाँसाहेब मुंबईत राहिले, १९४६पर्यंत जगले, पण रेकॉर्डला त्यांनी आवाज दिला नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांचाही आवाज कुठे नाही. उलट अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ सालीच यंत्रापुढे गाऊन पाहिलं आणि पुढे तिशीच्या दशकात ओडियनसाठी ज्या रेकॉर्डी दिल्या त्या आजही लोक ऐकतात. तीन मिनिटांत राग बसवणं ही वेगळीच विद्या होती आणि ती त्यांना साधली होती. अल्लादिया खाँचं गाणं आपल्याला ऐकायचं तर त्यांच्या शिष्येकडून, केसरबाई केरकरांकडून. त्यांची भैरवीतली एक बाजू १९७७ साली व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर घेतली गेली आणि सूर्यमाला ओलांडून गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच. गुरूने जी मर्यादा नाकारली, त्याच मर्यादेतलं शिष्येचं गाणं सगळ्यात दूर पोचलं. यावर खाँसाहेब काय म्हणाले असते, याची कल्पना करायला मला आवडतं.

नाटकाच्या पदांचं मात्र यंत्राशी लवकर जमलं. पद आधीच आटोपशीर आणि लोकांच्या तोंडी बसलेलं. बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, मास्टर दीनानाथ यांचा आवाज जिथे नाटकमंडळी कधी पोचली नाही अशा गावांत रेकॉर्डीने पोचला. लेबलांवरची संबोधनं एकदा ओळीने वाचून पाहावीत. पुरुषांना ‘मास्टर’, शिकवणाऱ्यांना ‘प्रोफेसर’ (नारायणराव व्यास लेबलावर कायमचे ‘प्रो.’), बायकांना ‘मिस’. ही ‘मिस’ लग्न झालेल्या, न झालेल्या, कोठीवरच्या, नाटकातल्या, सगळ्यांनाच सरसकट लावलेली. बाई कोण, कुठल्या घरची, हा प्रश्न लोक विचारणारच, हे कंपनीला ठाऊक होतं आणि एका परक्या शब्दाने तो झाकायची सोय त्यांनी केली होती.

कागद वाचता वाचता पुढची गोष्ट ध्यानात येते. एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, ट्विन, पार्लोफोन: दुकानात ही पाच वेगळी नावं, पाच वेगळे रंग. गिऱ्हाइकाला वाटावं, केवढी स्पर्धा! १९३१ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया एकत्र येऊन ईएमआय झाली, तेव्हापासून ही बहुतेक भावंडं एकाच घरची. कुणाचं गाणं महाग लेबलावर काढायचं आणि कुणाचं स्वस्त, हे घरातच ठरे. अब्दुल करीम खाँच्या ओडियनच्या बाजू पुढे कोलंबियाच्या लेबलावर विकल्या गेल्या. कागद बदलला, कोरलेला क्रमांक तोच राहिला. म्हणून मी नवशिक्या संग्राहकाला सांगतो, आधी कागद वाचू नकोस, कड वाच.

खरोखरचं वेगळं घर मुंबईत एकच मोठं झालं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रामाग्राफ नावाचं लेबल इथे निघून गेलं होतं, पण ते अल्पायुषी. १९३५ साली नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. तिचं लेबल ‘यंग इंडिया’. नावातच स्वदेशीचा वास, गांधीजींच्या साप्ताहिकाची आठवण. कारखाना वडाळ्याला. ध्वनिमुद्रणापासून तबकडी दाबण्यापर्यंत सगळं आपलं. नावाजलेले गायक आधीच करारांनी मोठ्या कंपनीकडे बांधलेले, त्यामुळे नवख्या, हौशी, विस्मृतीत गेलेल्या माणसांच्या रेकॉर्डी या लेबलावर पुष्कळ सापडतात. वीस वर्षं चालून १९५५च्या सुमारास हे घर बंद झालं. चोरबाजारात यंग इंडियाची रेकॉर्ड निघाली की विकणारा ती बाजूला टाकतो, कारण ‘नाव’ नसतं. मी त्याच आधी उचलतो. एखाद्या शाळामास्तराने किंवा मिलमधल्या कारकुनाने आयुष्यात एकदाच केलेली रेकॉर्ड असेल, तर ती बहुधा इथेच असायची.

मराठीत या धंद्याच्या आत बसलेला आणि तरी आपल्याशी बोललेला माणूस म्हणजे जी. एन. जोशी. विदर्भातले, कायद्याची पदवी घेतलेले, गळ्याने गायक. तिशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ रेकॉर्डवर गायली आणि मराठी भावगीताचं युग पुष्कळ जण त्या रेकॉर्डपासून मोजतात. ना. घं.चा ‘शीळ’ हा संग्रह छापून आला १९५४ साली. म्हणजे वीस-बावीस वर्षं मेहकरच्या या कवीची कविता महाराष्ट्रभर लोकांच्या ओठांवर होती आणि पुस्तक म्हणून ती अस्तित्वातच नव्हती. कवीचं पुस्तक आधी की रेकॉर्ड आधी, हा क्रम आपल्या वाङ्मयेतिहासात कुणी फारसा तपासलेला नाही. तपासायला हवा.

१९३८ साली जोशी एचएमव्हीत नोकरीला लागले आणि पुढची तीन दशकं मुंबईतल्या गवयांना यंत्रापुढे बसवणं हे त्यांचं काम झालं. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकांतून कंपनी आतून दिसते. गवयाचा मान राखायचा, त्याच्या लहरी सांभाळायच्या, आणि तरी घड्याळाकडे बघत तीन मिनिटं गाठायची. गाणाऱ्याला गाणारा माणूसच राजी करू शकतो, हे कंपनीने बरोबर ओळखलं होतं. जोशींबद्दल मला आदर आहे, पण त्यांची पुस्तकं वाचताना एक गोष्ट खटकते. गवयाच्या स्वभावाचे किस्से भरभरून आहेत, करारातली कलमं त्या मानाने फार थोडी. वकील झालेल्या माणसाकडून मला ती वाचायची होती.

कारण सगळं अडतं ते करारावर. गायकाला पैसे देण्याच्या मुळात दोन रीती. एक, एकरकमी: गायलास, पैसे घे, विषय संपला. दुसरी, रॉयल्टी: जेवढ्या तबकड्या खपतील त्याच्या काही टक्के. पहिल्या रीतीत धोका कंपनीचा आणि घबाडही कंपनीचं. दुसरीत गायक थोडासा भागीदार. पण भागीदारी मागायची, तर आधी नाव हवं. आणि नाव कुठे? त्या गोल कागदावर.

१९४९च्या ‘महल’ चित्रपटाच्या रेकॉर्डींवर गायिकेच्या जागी सुरुवातीला ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. रेडिओवर गाणं लागलं, लोकांनी गाणारी कोण म्हणून पत्रं पाठवली, आणि मग लता मंगेशकर हे नाव पुढे आलं. आज हे वाचून हसू येतं. पण त्या वेळेपर्यंत चित्रपटाच्या रेकॉर्डवर पार्श्वगायकाचं नाव छापणं हा रिवाजच नव्हता. नाव छापून घेण्याचा आग्रह लताबाईंनी धरला, आणि साठच्या दशकात रॉयल्टीचाही धरला. मोहम्मद रफींचं म्हणणं उलट होतं: गाण्याचे पैसे मिळाले, की गायकाचा हक्क संपला. या एका मुद्द्यावर दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं. रफींच्या दिलदारपणाचे गोडवे गाताना आपण हा वाद रुसव्याफुगव्यासारखा सांगतो. तो रुसवा नव्हता. एकरकमी की टक्केवारी, मजूर की भागीदार, असा तो रोकडा प्रश्न होता, आणि लताबाईंचं उत्तर मला पटतं.

कायद्याने गायकाला बराच काळ काही दिलं नव्हतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कवीला हक्क होता, संगीतकाराला होता, तबकडीच्या निर्मात्याला होता. गाणाऱ्याला नव्हता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकारांची संस्था विरुद्ध चित्रपटनिर्माते असा खटला आला. निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात आपली वेगळी टीप जोडली: गाण्याला प्राण देणाऱ्या गायकाला आपला कायदा ओळखतच नाही, याकडे संसदेने लक्ष द्यावं, अशा आशयाची. संसदेला त्यावर सतरा वर्षं लागली. १९९४च्या दुरुस्तीत कलाकाराचा हक्क आला. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानेही हिरावून घेता येणार नाही असं ठरलं, आणि गाणारे-वाजवणारेही काही प्रमाणात त्या पंगतीला बसले.

काही प्रमाणात असं का म्हणतो, ते सांगायला वाकोल्यात यावं लागेल.

मी वाकोल्यात राहतो. सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला, हमरस्त्याच्या पुलापलीकडे. इथल्या गावठाणात ईस्ट इंडियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची आणि त्यांच्या शेजारी गोव्याहून आलेली. माझ्या गल्लीत एक व्हायोलिनवाले अंकल आहेत. वय नव्वदीकडे झुकलेलं. गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकले, मुंबईत आले, आणि सुमारे तीस वर्षं चित्रपटांच्या, भावगीतांच्या, जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणांत वाजवत राहिले. सकाळी निरोप यायचा: आज मेहबूब, उद्या ताडदेव. व्हायोलिनची पेटी घेऊन बसने किंवा लोकलने जायचं. तिथे गेल्यावर स्टँडवर कागद ठेवलेला असे, तो पाहून वाजवायचं. गाणं कुठल्या चित्रपटाचं, गाणार कोण, हे पुष्कळदा तिथेच कळे. तेव्हा सगळे एकदम वाजवत. पन्नास जणांत एकाचं बोट घसरलं की सगळ्यांनी पहिल्यापासून. संध्याकाळी दर्जाप्रमाणे ठरलेले पैसे. वादकांची संघटना होती, तिने दर ठरवून घेतले होते, हे अंकल अभिमानाने सांगतात.

गोव्याच्या या मंडळींशिवाय मुंबईचा चित्रपटसंगीताचा धंदा उभाच राहिला नसता. आपले संगीतकार चाल पेटीवर सांगत. ती पन्नास वाद्यांत वाटून, कागदावर उतरवून, वादकांपुढे मांडायची कला यांच्याकडे होती. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे त्यांचं नाव १९७७ साली देशभर पोचलं, पण ते पडद्यावरच्या पात्राचं नाव म्हणून. ‘महल’मध्ये पात्राच्या नावाने गायिकेला झाकलं होतं. इथे खऱ्या माणसाचं नाव पात्राला देऊन टाकलं. शिष्याची ती गुरुदक्षिणा होती, हे खरंच. पण नाव ऐकून किती जणांना गोन्साल्विस आठवला?

दोन वर्षांपूर्वी अंकलच्या मुलीने मला बोलावलं. वाहिनीवरच्या कार्यक्रमात एक गाणं लागलं होतं, त्यातल्या सुरुवातीच्या व्हायोलिनच्या तुकड्यावर परीक्षक बराच वेळ बोलले. अंकल म्हणाले, हा मी वाजवलेला. मुलीने मला विचारलं, ‘‘दादा, आता कायदा झालाय म्हणतात. डॅडींना काही मिळेल का?’’

मी कायदा काढून वाचला. कलाकार कोण, याची व्याख्या त्यात आहे: नट, गायक, वादक, नर्तक, अशी लांबलचक. वादक त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. पण २०१२ साली तिला एक परंतुक जोडलं गेलं. चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ वा आनुषंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही होत नाही, त्याला कलाकार मानायचं नाही. अपवाद एकच: त्याच्या कलेची मोडतोड करून कुणी नाचक्की केली, तर त्याला तक्रार करता येईल.

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, सांगता येत नाही. ‘किरकोळ’ कशाला म्हणायचं, यावर वकील वाद घालू शकतील. त्या तुकड्याशिवाय गाणं सुरूच होत नाही, असंही म्हणता येईल. पण नाव न छापण्याचा रिवाज धंद्याने पाडला. पुढे कायदा म्हणाला, रिवाजाप्रमाणे नाव छापलेलं नाही, म्हणून तू कलाकार नाहीस. गोल कागदावर जागा नव्हती, ही शंभर वर्षांपूर्वीची अडचण आता हक्क नाकारण्याचं कारण झाली आहे. शिवाय अंकलचं काम १९९४च्या आधीचं, म्हणजे वादकाला कुठलाच हक्क नव्हता त्या काळातलं. मी मुलीला सांगितलं, काही मिळणार नाही. अंकल खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, ‘‘पाकीट त्या दिवशीच मिळालं होतं रे बाबा. पण कोण वाजवला, ते कुणी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.’’

तेव्हापासून मी लेबलं वाचतो ती थोड्या वेगळ्या नजरेने. लाँग प्ले आली तेव्हा बारा इंची पुठ्ठ्याच्या वेष्टनावर भरपूर जागा झाली. शास्त्रीय संगीताच्या वेष्टनांवर तबला कोण, हार्मोनियम कोण, हे छापून येऊ लागलं. चित्रपटाच्या वेष्टनांवर जागा तेवढीच होती, पण ती नट-नट्यांच्या चित्रांना गेली. सत्तरच्या दशकात पॉलिडॉरने एचएमव्हीच्या मक्तेदारीला धक्का दिला. ‘शोले’चे नुसते संवादही त्यांनी रेकॉर्डवर काढून विकले. त्यातल्या खलनायकाची आणि त्याच्या साथीदारांची वाक्यं पोरासोरांना पाठ झाली, पार्श्वसंगीत वाजवणारे पुन्हा कागदाबाहेरच.

आपल्याकडे सगळ्यात चमत्कारिक उदाहरण ‘गीतरामायणा’चं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं, तेव्हा वर्षभर त्यात कितीतरी गायक-गायिका गायल्या: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. पुढे एचएमव्हीने संच काढला, त्यात सगळी गाणी सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजात. फडक्यांचं गाणं श्रेष्ठच. पण बाजारात जे उपलब्ध राहिलं तेच लोकांच्या कानात राहिलं, आणि आज बहुतेकांना वाटतं ‘गीतरामायण’ म्हणजे एका माणसाचा आवाज. रेकॉर्ड गाणं जपते, हे अर्धंच खरं. ती जे छापते ते जपते.

कॅसेटने सगळी घडीच विस्कटली. १९८३ साली टी-सीरीज सुरू झाली. कॅसेट काढायला दमदमसारखा कारखाना लागत नव्हता, एका खोलीत धंदा होई. कायद्यात एक कलम होतं, की पहिली रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली की नोटीस आणि ठरलेली रॉयल्टी देऊन तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून पुन्हा मुद्रित करता येतं. त्यावर मोठा बाजार उभा राहिला. चोरीचा बाजार त्याहून मोठा. पण याच काळात प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचा आवाज चहाच्या टपऱ्यांवर, यष्टीस्टँडांवर, भीमजयंतीच्या मंडपात घुमू लागला. एचएमव्हीच्या मक्तेदारीत हे या प्रमाणात झालं नसतं. पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउससारख्या दुकानाने मैफिलीचं गाणं कॅसेटवर आणलं, तीन मिनिटांच्या पिंजऱ्यातून सुटलेलं. एवढ्यासाठी मी कॅसेटला बाकीचे बरेच गुन्हे माफ करतो.

आज दमदमच्या त्या बाप-आईंची मालकी ‘सारेगामा’कडे आहे. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने २००० साली घेतलेलं हे नाव. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांनी संपतो. १९६० साली प्रसिद्ध झालेली रेकॉर्ड २०२१च्या जानेवारीत मोकळी झाली. म्हणजे ‘शीळ’ची ती जुनी रेकॉर्ड केव्हाच मोकळी. पण तिच्यातली कविता नाही. ना. घ. २००० साली गेले, म्हणून शब्द २०६० संपेपर्यंत त्यांच्या वारसांचे. एकाच तबकडीत तीन-चार मालकांचं राज्य असतं आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. वारस शोधणं, करार शोधणं, मुदती मोजणं हेच आता माझं मुख्य काम झालं आहे. गाणं ऐकायला रात्री वेळ मिळतो.

शिवाय एक काम अंकलकडचं. बुधवारी संध्याकाळी मी पाच-सहा रेकॉर्डी घेऊन त्यांच्याकडे जातो. ते डोळे मिटून ऐकतात, मध्येच बोट वर करतात, मी सुई उचलतो. हा अमक्याचा चेलो. हा अमक्याचा क्लॅरिनेट, तो नंतर दुबईला गेला. माणसाची आठवण दगा देते, हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून आम्ही एक नियम केला आहे. एकाने सांगितलेलं नाव रेकॉर्डच्या पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहायचं. त्या काळचा दुसरा वादक, पहिल्याचं उत्तर न ऐकता, तेच नाव सांगेल तेव्हा शाईने. दुसरे वादक कलिन्यात आहेत, वांद्र्यात आहेत, एक माहीमला. त्यांच्याकडे रेकॉर्डी पिशवीत घालून न्याव्या लागतात, लाखेच्या असल्या तर मांडीवर धरून. शाईने लिहिलेली पाकिटं अजून एका खोक्यात मावतात. पेन्सिलीची दोन कपाटं भरली आहेत. माहीमचे क्लॅरिनेटवाले गेल्या महिन्यात पडले आणि ऐकू कमी येतं म्हणतात, तेव्हा दिवाळी झाल्यावर आधी त्यांच्याकडे जायचं आहे.